बाबांचा गिलावा

त्या शहराला वर्षातून एक दिवस स्वतःची अशी सुट्टी असायची. दुकानं बंद, कचेऱ्या बंद, इस्पितळात बाहेरून येणाऱ्या रुग्णांची तपासणीही बंद. थोरली त्या इस्पितळात कान तपासायच्या खोलीत कामाला होती. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि त्याने कुठल्या आवाजाला बटण दाबलं ते आलेखावर टिपायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. उद्या नऊपर्यंत उठायचं नाही आणि कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही, असं तिने आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

पण आदल्या संध्याकाळी धाकटा भाऊ बायकोला घेऊन येऊन टपकला, न कळवता. आणि सकाळी सातला बाबांच्या रिकाम्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "ताई, आज टेकडीवरच्या चर्चला जाऊ या का? बाबांनी केलेला गिलावा मी कधी नीट बघितलाच नाही."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बघितलाच नाही! त्याने काय बघितलं होतं नीट?

बाबा गवंडी. गिलाव्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. चर्चच्या घुमटाखाली आतून गोल फिरणारा एक सज्जा आहे, त्याच्या भिंतीचा गिलावा तरुणपणी त्यांनी केला होता. थापीने आणि मग नुसत्या तळहाताने त्यांनी ती भिंत अशी घोटली, की एका बाजूला भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तर बरोबर समोर, साठ पावलांवर, कान लावलेल्या माणसाला शब्द न् शब्द कळायचा. लोक लांबून ते ऐकायला यायचे. बाबा कधी फुशारकी मारत नसत, पण त्या भिंतीचं नाव निघालं की हाताकडे बघायचे.

मग एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुढची नऊ वर्षं ते त्या खोलीत पडून होते. नऊ वर्षांत एक शब्द नाही. त्यांना कुशीवर वळवणं, पुसून काढणं, चमच्याने सूप भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणं, सगळं थोरलीने केलं, नोकरी सांभाळून. लग्नाचा विषय आधी मागे पडला आणि मग कुणी काढेनासं झालं. धाकटा सहा तासांच्या अंतरावर, एका बंदरात, क्रेन दुरुस्त करायच्या कामावर. वर्षातून दोनदा यायचा. कागदी पिशवीत सफरचंदं आणायचा, बाबांचा डावा हात हातात घेऊन अर्धा तास बसायचा, आणि बाबांचा अर्धा चेहरा असा उजळायचा की थोरली स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवायची. तिच्यासाठी तो चेहरा नऊ वर्षांत एकदाही उजळला नव्हता.

चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. धाकटा पोचला तो दुसऱ्या दिवशी. एकाएकी झालं, असं तिने त्याला सांगितलं होतं.

"चला," ती म्हणाली, आणि कपाटाचं दार जरा जोरातच लावलं.

टेकडीच्या पायथ्याशी बसमधून उतरले तेव्हा दहा वाजले होते. अर्धं शहर तिथंच लोटलं होतं. लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, पाण्याच्या बाटल्या, फुगेवाला, पायऱ्यांच्या कडेला बसून बूट काढून पाय चोळणाऱ्या बायका. धाकटा प्रत्येक वळणावर थांबून खालच्या शहराचे फोटो काढत होता. त्याच्या बायकोचे गुडघे दुखत होते, पण ती बिचारी मुकाट्याने चढत होती. दोनदा तिने थोरलीला पाणी विचारलं. थोरलीने दोन्ही वेळा नको म्हटलं. तहान लागली होती तरी.

चर्च आतून थंडगार होतं. मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. बाकांच्या कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. बाहेरचा गलबला दाराशीच तुटत होता, आणि आत आलेली माणसं आपोआप आवाज खाली आणत होती. सज्जाकडे जाणारा गोल जिना अरुंद होता. धाकट्याची बायको त्याच्याकडे बघून हसली आणि मी आपली इथंच बसते म्हणत एका बाकावर टेकली. दोघं वर गेली. थोरली पुढे, धाकटा मागे. त्याच्या श्वासाचा आवाज तिच्या पाठीवर येत होता आणि तेवढ्यानेही तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

वर चिटपाखरू नव्हतं. फक्त जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर एक म्हातारी राखणदार बाई बसली होती, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. तिने दोघांना आधीच सांगून टाकलं, की आता इथं काही ऐकू येत नाही. सहा वर्षांपूर्वी आगीच्या नव्या नियमांमुळे भिंत कापून सज्जाच्या वाटेवरच समोरासमोर दोन आडवी दारं बसवली. तेव्हापासून भिंत मुकी झाली. लोक येतात, कान लावतात, तोंड वाकडं करून जातात. "आणि आज सुट्टी, बाराला बंद करणार," ती म्हणाली.

थोरलीने दारं पाहिली. चांगली पुरुषभर उंच, चौकटीला जाड लोकरीचा नमदा ठोकलेला. तिला यातलं कळत होतं. कुजबुजीचा आवाज भिंतीच्या वळणाला चिकटून, दोन्ही बाजूंनी सरकत पलीकडे जातो. इथं दोन्ही वाटा कापलेल्या होत्या. दोन दारांच्या मधे अर्धं अर्धं वर्तुळ उरलं होतं, आणि त्यावर बाबांचा गिलावा अजून तसाच, साईसारखा. धाकट्याने त्यावर तळहात ठेवला.

"करून बघू या ना," तो म्हणाला. "मी पलीकडे जातो."

"काही ऐकू येणार नाही. नमद्यात आवाज मरतो. माझा धंदा आहे तो."

"तरी."

हा 'तरी' तिला लहानपणापासून माहीत होता. तो गेला. दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज आला. मग तो समोर दिसला, घुमटाखालच्या पोकळीपलीकडे, अंगठ्याएवढा. त्याने भिंतीला कान लावला आणि तिला हाताने खूण केली. आता नाही म्हटलं तर उगाच तमाशा, म्हणून तिनेही डावा कान भिंतीला टेकवला.

गिलावा गार होता. आधी काहीच नाही. मग तिचं स्वतःचंच रक्त कानात वाजलं, ते सगळ्यांना ऐकू येतं. ती कान काढणार, इतक्यात श्वास ऐकू आला.

दोन लांब श्वास, तिसरा अडकलेला, आणि तो सुटताना बारीक शीळ.

तिने हा श्वास नऊ वर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता. शेजारच्या खोलीत झोपून ती त्याच्यावरून सांगू शकायची की उशी सरकली आहे, की छातीत कफ आहे, की नुसतंच झोपेत स्वप्न पडलं आहे. तिने मान न हलवता समोर पाहिलं. धाकट्याचं तोंड मिटलेलं होतं. दिसत तरी तसंच होतं. तो नक्कल करतोय, असं तिला वाटलं. आणि लगेच हेही वाटलं, की याला कुठून माहीत असणार हा श्वास? हा तर अर्ध्या तासात उठून जायचा.

मग बाबा बोलले.

"आला का तो?"

आजारपणाच्या आधीचा आवाज. चुना घोटत असताना घमेली उचलायला माणूस आला का, असं विचारावं तितका साधा. नऊ वर्षं ज्या आवाजासाठी तिने किती डॉक्टर केले, किती व्यायाम करून घेतले, ओठांना मध लावून 'आ' म्हणा, 'ई' म्हणा असं रोज अर्धा अर्धा तास बसली, तो आवाज. आणि त्यातून पहिलं काय आलं, तर त्याची चौकशी.

ती घाबरली नाही. हे मुद्दाम सांगायला हवं. तिला राग आला. इतका की कानशिलं तापली. ती भिंतीपासून सुटली, दार ढकलून पलीकडे गेली, तरातरा चालत धाकट्यापाशी पोचली आणि बाबांच्या आवाजाच्या नकला करायला लाज वाटत नाही का, असं तिने त्याला विचारलं.

धाकट्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"मी काही बोललो नाही," तो म्हणाला. "तू बोललीस."

"मी? मी कशाला बोलू?"

"तू म्हणालीस, नाही आला. दोनदा म्हणालीस. नाही आला, नाही आला." तो भिंतीकडे बघत होता, तिच्याकडे नाही. "तुझा आवाज मी ओळखणार नाही का, ताई? पण तुझं तोंड हलत नव्हतं."

राखणदार बाईने स्टुलावरून मान वळवून पाहिलं आणि पुन्हा किल्ल्यांकडे लक्ष दिलं.

खालून कुणाच्या तरी पावलांचा आवाज येत होता. मग धाकट्याने विचारलं, अगदी हळू, की बाबा शेवटी आजारी किती दिवस होते.

नऊ वर्षं, ती म्हणाली.

"तसं नाही. शेवटचे."

ती खोटं बोलू शकली असती. चार महिने बोलतच होती. पण त्याचं ते हळू विचारणं तिला खपेना. त्याने आवाज चढवला असता तर तिने मिठाची गुळणी धरली असती. "अकरा दिवस," ती म्हणाली. मग जे सुरू झालं ते तिलाच थांबवता येईना. अकरा दिवस. डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. नाही बोलावलं. का बोलवायचं? तो येणार, सफरचंदं आणणार, हात धरून बसणार, बाबा त्याच्याकडे बघत सुखाने डोळे मिटणार, आणि चादरी कोण बदलणार? नऊ वर्षांत त्याने एकदा तरी विचारलं का, ताई, तू कधी झोपतेस? एक रात्र? एक सुट्टी? निदान शेवट तरी तिचा एकटीचा असायला नको होता का?

"ते मला शोधत होते का?" धाकट्याने विचारलं.

"त्यांना काही कळत नव्हतं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी कुणालाच ओळखत नव्हते."

हे मात्र खोटं होतं.

त्याने मान हलवली. ओरडला नाही, रडला नाही, एक वावगा शब्द बोलला नाही. आपण खाली बायकोजवळ जाऊन बसतो, तू ये सावकाश, एवढंच म्हणून जिना उतरून गेला. थोरली दातओठ खात तिथंच उभी राहिली. भांडायचं होतं तिला. नऊ वर्षांचं भांडण घेऊन ती उभी होती आणि समोर कुणी नव्हतं.

मग ती आपल्या जागेवर परत गेली. भांडायला भिंत तरी होती.

तिने कान लावला. श्वास चालूच होता, जसा काही तिच्यासाठीच थांबला होता. दोन लांब, तिसरा अडकलेला.

"बोला ना आता," ती भिंतीला म्हणाली. "माझ्याशी बोला. मी आहे. रोज मीच होते."

"आला का तो?"

"माझं नाव घ्या एकदा."

"आला का तो?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच. शेवटी ती थकून म्हणाली, "आला. आलाय बाबा. इथंच आहे, खाली बसलाय."

श्वास थांबला. ऐकणारा माणूस थांबवतो तसा.

मग भिंतीतून दुसरा आवाज आला. बाईचा. मऊ, समजुतीचा, आजाऱ्याशी बोलताना काढतात तसा.

"नाही आला, बाबा."

तो तिचाच होता.

"मी फोन केला होता. नाही जमणार म्हणाला. कामं आहेत म्हणाला."

चमचा वाटीच्या काठावर निथळल्याचा आवाज. थोरलीला ती वाटी आठवली. ती दुपार आठवली, गुरुवार, अकरापैकी आठवा दिवस. बाबांचा डावा हात चादरीवरून उठून दाराकडे गेला होता, तसाच अधांतरी राहिला होता. त्यांना सगळं कळत होतं. तिने तो हात धरून खाली ठेवला होता.

"आलाय," ती आता मोठ्याने म्हणाली. "बाबा, ऐकू नका तिचं. मी फोन केलाच नव्हता. ऐकताय का?"

"वाट बघू नका त्याची," तो मऊ आवाज म्हणाला. "मी आहे ना."

"खोटं बोलतेय ती!"

राखणदार बाई उठून उभी राहिली.

थोरलीने मूठ भिंतीवर आपटली. गिलाव्याला काही झालं नाही. तिचा आवाज घुमटात जाऊन विरला आणि भिंतीत काही शिरला नाही. भिंतीतल्या बाबांना तिचं ऐकू येत नव्हतं. त्यांना ऐकू येत होती ती दुसरी.

"झोपा आता," ती दुसरी म्हणाली.

थोरलीने समोर पाहिलं.

धाकटा परत आला होता. पोकळीपलीकडे, आपल्या जागेवर, डोळे मिटून, भिंतीला कान लावून उभा होता. एक तळहात गिलाव्यावर सपाट ठेवलेला. तो किती वेळ तिथं होता कुणास ठाऊक.

भिंतीत श्वास सुटला. बारीक शीळ वाजली.

"बरं," बाबा म्हणाले.

तिने कान ओढून काढला. जणू गिलाव्याला चिकटला होता, असा तो दुखला. ती धावली. पहिलं दार, सज्जाचं अर्धं वळण, पायांखाली लाकडी फळ्या दणदण वाजत होत्या. काय करणार होती तिलाच ठाऊक नव्हतं. त्याला ओढून बाजूला करायचं, त्याचे कान झाकायचे, पाय धरायचे, काहीतरी.

ती त्याच्याजवळ पोचली आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर पडेना.

तो ऐकत होता. कपाळावर आठी, लांबचं बोलणं नीट कळावं म्हणून पडते तशी. मधेच त्याने सावकाश मान डोलावली. मग त्याच्या चेहऱ्यावरचं होतं नव्हतं ते सगळं हळूहळू उतरत गेलं.

राखणदार बाई किल्ल्या वाजवत मागून आली. बारा वाजले, बंद करायचं आहे, ती म्हणाली.

धाकट्याने डोळे न उघडता हात वर केला. "थांबा जरा, मावशी," तो म्हणाला. "ताई अजून बोलतेय."

थोरली त्याच्या शेजारी उभी होती, ओठ घट्ट मिटून. त्या गुरुवारी 'झोपा आता' म्हणून ती वाटी घेऊन खोलीबाहेर गेली होती. त्यानंतर बाबा जाईपर्यंत ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.